हिरव्या चौकोनांची पुण्याई

संगणकक्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींना कोणीही भेटो, मग तो कॉलेजातला प्लेसमेंटचा माणूस असो, यूट्यूबवरचा मार्गदर्शक असो की हिंजवडीत चार वर्षे काढलेला मामेभाऊ, सल्ला एकच मिळतो: ‘साइड प्रोजेक्ट कर.’ नोकरीने पोट भरते, शिक्षण होत नाही. शिक्षण होते ते रात्री, जेवणानंतर, स्वतःच्या लॅपटॉपवर. ज्याला खरी आवड आहे तो शनिवार-रविवारी कोड लिहितोच. जो लिहीत नाही त्याला आवड नाही, आणि ज्याला आवड नाही तो दोन-चार वर्षांत मागे पडतो. पुरावा म्हणून गिटहबचे पान उघडले जाते. वर्षातल्या प्रत्येक दिवसाचा एक चौकोन. त्या दिवशी काही कोड चढवला असेल तर हिरवा, नसेल तर करडा. जितके चौकोन हिरवे, तितकी पुण्याई गाठीला.

हे मत आता इतके रुळले आहे की त्याविरुद्ध बोलणारा एक तर आळशी ठरतो, नाही तर जुनाट. तरीही ते तपासून पाहिले पाहिजे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हौसेने केलेला प्रकल्प ही फार चांगली गोष्ट आहे. पण तो ना प्रोग्रामरच्या योग्यतेची कसोटी आहे, ना त्याच्या शिक्षणाचा हमरस्ता. हे शिक्षण मुख्यतः कामाच्या जागी, कामाच्या वेळात, दुसऱ्यांनी लिहिलेल्या आणि तिसऱ्याच कोणी वापरत असलेल्या कोडवर होते. ते रात्रीवर ढकलणारी कंपनी आपला खर्च दुसऱ्याच्या झोपेतून वसूल करीत असते.

पूर्वपक्ष लेचापेचा करून मांडला तर त्याचे खंडन फुकटचे. म्हणून तो पूर्ण बळानिशी मांडतो. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की आपण ३८६ जातीच्या संगणकासाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, निव्वळ छंद म्हणून. आज अँड्रॉइडचा प्रत्येक फोन त्या छंदावर, म्हणजे लिनक्सवर, चालतो. १९८९ च्या नाताळात ॲमस्टरडॅममधले कार्यालय आठवडाभर बंद राहणार, तेवढ्यात हाताला काही उद्योग हवा म्हणून गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन लिहायला घेतली. स्टीव्ह वॉझ्नियाक दिवसा ह्यूलेट-पॅकर्डमध्ये कॅल्क्युलेटरचे काम करीत आणि संध्याकाळी ॲपलचा पहिला संगणक जुळवीत. मोटारींपासून टीव्हीपर्यंत असंख्य यंत्रांत बसवलेले कर्ल हे साधन डॅनियल स्टेनबर्ग यांनी कित्येक वर्षे नोकरी सांभाळून मोकळ्या वेळात वाढवले. एवढाल्या वस्तू जर फावल्या वेळातून निघाल्या, तर फावल्या वेळात काहीच न करणाऱ्याला काय म्हणावे? शिवाय, पूर्वपक्षी विचारतो, आपल्याकडच्या नोकऱ्यांत शिकण्यासारखे असते तरी काय? तिकीट उघडा, तिकीट बंद करा, क्लायंटला स्टेटस पाठवा. तंत्रज्ञान दर दोन वर्षांनी कात टाकते आणि कंपनी अजून पंधरा वर्षांपूर्वीच्या जावावर बसलेली असते. रात्री नाही शिकलात तर शिकणार कधी?

आता उत्तर.

कारण कशाला म्हणावे, याचा आपल्या नैयायिकांनी फार बारीक विचार केला आहे. घट होण्यापूर्वी माती होती, चाक होते, कुंभार होता. आणि माती वाहून आणणारे गाढवही होते. पण गाढवाला घटाचे कारण म्हणत नाहीत. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी घट झालाच असता. अशा नुसत्या हजर असलेल्या गोष्टीला ते अन्यथासिद्ध म्हणतात. वरच्या उदाहरणांतला फावला वेळ हे ते गाढव आहे की काय, एवढेच पाहायचे.

टोरवाल्ड्स तेव्हा नोकरदार नव्हता, विद्यार्थी होता, आणि विद्यार्थ्याकडून शिकवणी शुल्क न घेणाऱ्या देशातला विद्यार्थी होता. त्याने विद्यापीठात युनिक्सचा अभ्यासक्रम घेतला होता, अँड्रयू टॅननबाउम यांचे ऑपरेटिंग सिस्टिमवरचे पुस्तक वाचले होते आणि त्या पुस्तकासोबतची मिनिक्स ही प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालवून तिच्या उणिवा अनुभवल्या होत्या. पुढे त्याचा पदव्युत्तर प्रबंधही लिनक्सवरच झाला. म्हणजे ज्याला आपण छंद म्हणतो ते त्याचे शिक्षणच होते, दिवसाढवळ्याचे. आणि लिनक्स मोठी कशी झाली? लिनक्स फाउंडेशनच्या २०१५ च्या अहवालाप्रमाणे कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, ऐंशी टक्क्यांहून अधिक काम पगारी लोक करतात, पगार घेऊन, कामाच्या तासांत.

पायथनची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या नाताळच्या आठवड्याआधी व्हॅन रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या त्याच संस्थेत एबीसी नावाच्या भाषेवर काही वर्षे पगारी काम केले होते. ती भाषा फसली. का फसली, हे त्यांनी आतून पाहिले होते. मग ते अमीबा या प्रणालीच्या प्रकल्पावर गेले आणि तिथे रोजच्या व्यवस्थापनाच्या कामाला सी भाषा फार खालच्या पातळीची आणि शेल फार तोकडी, अशी अडचण झाली. नाताळात फक्त सुरुवात झाली. त्यानंतर वर्षभर ती भाषा कार्यालयात, सहकाऱ्यांच्या वापरातून आणि तक्रारींतून वाढली, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये बाहेर आली. माती, चाक, कुंभार सगळे दिवसाच्या कामातले. सुट्टीचा आठवडा ओझे वाहण्यापुरता.

उलट बाजूने पाहा. फावला वेळ नसतानाही मोठी वस्तू निघाली, अशी उदाहरणे आहेत का? ढिगाने आहेत. एसक्यूएल ही भाषा १९७०च्या दशकात आयबीएमच्या पगारी संशोधकांनी केली. जावास्क्रिप्ट १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली, मॅनेजमेंटच्या घाईमुळे. ती घाई भाषेत अजून दिसते, हा भाग वेगळा. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे बिटकीपर हे साधन फुकट वापरण्याची परवानगी गेली आणि कर्नलचे काम अडले, म्हणून एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्सने काही दिवसांत गिट लिहिले. तेव्हा तो पगारावर होता, आणि ते त्याच्या कामाचेच अडलेले घोडे होते. ज्या गिटहबवर हिरवे चौकोन मोजायचे, त्याच्या पोटातले हे यंत्र साइड प्रोजेक्ट नव्हते. आणि जीमेल? गूगलच्या वीस टक्के मोकळ्या वेळाचे फळ म्हणून तिचे नाव हमखास घेतले जाते. प्रत्यक्षात पॉल बुखहाइट यांच्याकडे ईमेलचे काम कंपनीने सोपवलेले होते. ते कामच होते.

युनिक्सचा किस्सा तर पूर्वपक्षाचा लाडका. १९६९ साली बेल लॅब्जने मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून अंग काढून घेतले, केन थॉम्प्सन यांना कोपऱ्यात पडलेला एक पीडीपी-७ संगणक सापडला आणि त्यांनी तीन आठवड्यांत प्रणाली उभी केली. यात छंद आहे, मस्ती आहे, अंतराळप्रवासाचा एक खेळसुद्धा आहे. पण मल्टिक्सवरची आधीची वर्षे आहेत आणि काय करतोस असे न विचारणारी, पगार देणारी संस्थाही आहे. शिवाय त्या तीन आठवड्यांचा आणखी एक तपशील थॉम्प्सन स्वतःच सांगतात: त्यांची पत्नी वर्षाच्या मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला नातेवाइकांकडे गेली होती. युनिक्सच्या इतिहासात ती बाई एवढ्यापुरतीच येते. मूल कोणी सांभाळले, हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि मग साइड प्रोजेक्ट ही सर्वांना सारखी खुली असलेली संधी आहे असे खुशाल म्हणतो.

तो प्रश्न विचारू या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीप्रमाणे, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात; घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. तीन तासांहून अधिक फरक. हे तीन तास म्हणजेच तो रात्रीचा साइड प्रोजेक्ट. खराडीच्या ऑफिसातून साडेसातला निघून, हडपसरच्या वाहतुकीतून घरी पोचून, मुलाचा अभ्यास, सासऱ्यांचे औषध आणि उद्याच्या डब्याची तयारी आटोपलेल्या बाईच्या गिटहबवर करडे चौकोन दिसले, की मुलाखत घेणारा ‘पॅशन’ कमी असल्याचा शेरा मारतो. त्याने मोजली ती आवड नव्हे. घरी कोणी आयते ताट वाढते का, ते त्याने मोजले. तर्कशास्त्रात याला अव्याप्ती म्हणतात: ज्यांना लागू पडायला हवी त्यांतल्या काहींना न लागू पडणारी व्याख्या. जोडीला अतिव्याप्तीही, म्हणजे नको त्यालाही लागू पडणे, आहेच. यूट्यूबवर पाहून जसाच्या तसा उतरवलेला टू-डू ॲप, हवामान दाखवणारे एक पान आणि नेटफ्लिक्सची नक्कल, असे तीन नग प्रत्येक फ्रेशरच्या रेझ्युमेत असतात. चौकोन हिरवे होतात. शिकणे झाले की नाही, हे त्या रंगावरून कळत नाही.

चौकोनांचे काय होते याची अजाणता एक चाचणीही झाली आहे. सलग किती दिवस कोड चढवला, हा आकडा गिटहब पूर्वी प्रत्येकाच्या पानावर दाखवीत असे. मे २०१६ मध्ये तो काढून टाकला. पुढे संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा शनिवार-रविवारचे काम घटलेले दिसले, लांबच लांब सलग मालिका तुटल्या, आणि दिवसाला जेमतेम एकच नोंद करण्याचे दिवस कमी झाले. आवड जर आतून येत असती तर पानावरचा आकडा पुसल्याने ती का ओसरावी? बरेच जण आकडा जिवंत ठेवण्यासाठी रोज एक समिधा टाकत होते, इतकेच.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो: या धंद्यात शिकायचे असते तरी काय? नवी भाषा, नवे फ्रेमवर्क, नवी लायब्ररी, असे उत्तर पूर्वपक्षी देतो, आणि त्याची चूक इथेच आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाचे नेतृत्व केल्यानंतर १९७५ साली एक पुस्तक लिहिले, ‘द मिथिकल मॅन-मंथ’. त्याच्या सुरुवातीलाच ते एक हिशेब मांडतात. एकट्याने आपल्यापुरता लिहिलेला प्रोग्राम ही एक वस्तू. तोच प्रोग्राम कोणालाही, कोणत्याही डेटावर चालवता यावा, तपासलेला असावा, दुरुस्त करता यावा असे म्हटले की खर्च किमान तिप्पट. तोच दुसऱ्या प्रोग्रामांशी जुळवून घेणारा, मोठ्या व्यवस्थेचा भाग व्हावा असे म्हटले की पुन्हा तिप्पट. दोन्ही मिळून नऊपट. ब्रुक्स हे खर्चाबद्दल बोलत होते, पण मला ते शिक्षणाबद्दलही खरे वाटते. साइड प्रोजेक्ट जवळपास नेहमी पहिल्या वस्तूत मोडतो. उरलेले आठ हिस्से, म्हणजे या व्यवसायाचे खरे शास्त्र, त्यात येतच नाहीत. कारण तिथे चुकीचा डेटा पाठवणारा कोणी नसतो, जुनी आवृत्ती सोडायला तयार नसलेला ग्राहक नसतो, आणि तीन वर्षांपूर्वी हा कोड असा का लिहिला हे विचारायला गेलो तर तो माणूस नोकरी सोडून गेलेला नसतो.

हवेत बोलत नाही, आपल्याकडचे उदाहरण घेतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत ज्यांनी एखाद्या बिलिंगच्या किंवा ईआरपीच्या प्रणालीवर काम केले, त्यांनी काय काय पाहिले? जूनमध्ये व्हॅट लावून विकलेला माल जुलैत परत आला तर त्यावर कर कोणता दाखवायचा? कराचा दर वस्तूच्या तक्त्यात एकाच रकान्यात ठेवला असेल, तर दर बदलल्यावर जुने बिल पुन्हा छापताना नवा दर कसा येतो, आणि तो येऊ नये म्हणून दराला ‘कधीपासून कधीपर्यंत’ अशा तारखा का जोडाव्या लागतात? राज्यांतर्गत विक्री आणि परराज्यातली विक्री यांचा भेद मूळ रचनेतच नसेल तर तो नंतर कुठे कुठे घुसवावा लागतो? पैशांची बेरीज दशांशाच्या कोणत्या प्रकारात करायची, पूर्णांक ओळीगणिक करायचा की एकूण रकमेवर, आणि दोघांत चार पैशांचा फरक आला की हिशेबनीस फोन का करतो? २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा ज्यांनी २०१७ मध्ये हा धडा घेतला होता त्यांनी तक्त्यात काही ओळी भरल्या. ज्यांच्याकडे दर कोडमध्येच लिहिलेले होते ते रात्रभर शोधत बसले. काळाबरोबर बदलणाऱ्या माहितीची रचना कशी करावी हा संगणकशास्त्रातला खासा अवघड विषय आहे. तो नेटफ्लिक्सच्या नकलेतून कोणी शिकलेला मला भेटलेला नाही. दळभद्री दिसणाऱ्या बिलिंग मॉड्यूलमधून शिकलेले पुष्कळ भेटले आहेत.

डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी १९८५ साली एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की प्रोग्रामिंगचे खरे फलित कोड नव्हे, तर तो लिहिणाऱ्यांच्या मनात तयार झालेली उपपत्ती: जगातल्या कोणत्या व्यवहाराला कोडमधला कोणता भाग उत्तर देतो आणि का देतो, याचे जिवंत ज्ञान. ती मंडळी पांगली की कोड शाबूत राहूनही प्रोग्राम मरतो. ज्याने दहा वर्षांची जुनी प्रणाली हातात घेतली आहे त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. अशी उपपत्ती मृत कोडमधून पुन्हा उभी करणे, कागदपत्रे नसताना, जुन्या ईमेलींतून आणि निवृत्तीला आलेल्या एखाद्या शाखाधिकाऱ्याशी बोलून, हे या व्यवसायातले सर्वांत वरच्या दर्जाचे कौशल्य आहे. स्वतःच कालपरवा लिहिलेल्या कोडवर त्याचा सराव होऊ शकत नाही.

सरावाचा विषय निघालाच आहे तर दहा हजार तासांच्या नियमाचेही पाहू, कारण रात्र जागवणाऱ्यांचा तो आवडता आधार. हा आकडा माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकामुळे घरोघरी गेला. त्यामागचे मूळ संशोधन अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचे, १९९३ चे, बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचे. एरिक्सन यांनी पुढे स्वतःच सांगितले की आपल्या निष्कर्षाचा असा सरसकट नियम होत नाही. त्यांच्या निबंधात तासांहून महत्त्वाच्या गोष्टी आहेत: सराव चूक दाखवणाऱ्या गुरूच्या नजरेखाली व्हावा लागतो, तो इतका दमवणारा असतो की दिवसाला चारएक तासांपलीकडे तो टिकत नाही, आणि उत्तम वादक इतरांपेक्षा अधिक झोपत, दुपारची डुलकीही काढत. म्हणजे ज्या संशोधनाच्या नावाने जागरणाचा सल्ला दिला जातो, ते झोपेच्या बाजूने साक्ष देते. गुरूच्या नजरेचे म्हणाल तर प्रोग्रामरला ती कोड रिव्ह्यूत मिळते, आणि रिव्ह्यू कामावर होतो. रात्री एकट्याने लिहिलेल्या कोडची चूक दाखवायला असतोच कोण?

आता पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा: नोकरीतले काम रटाळ असते. याला ‘नाही’ म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सपोर्टच्या प्रकल्पावर नेमलेली, वर्षभर पासवर्ड रिसेट करणारी मुले आहेत; बेंचवर बसून सर्टिफिकेशनचे व्हिडिओ पाहणारीही आहेत. त्यांच्यातला कोणी रात्री काही बांधू पाहत असेल तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. अशा जागेतून बाहेर पडण्यासाठी साइड प्रोजेक्ट ही शिडी होऊ शकते, हेही मान्य. पण रटाळ दिसणारे काम आणि शिकवण न देणारे काम या दोन गोष्टी एक नव्हेत.

मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत असलेले पोस्टग्रेसचे एक विकासक, आंद्रेस फ्रॉइंड, डेटाबेसच्या वेगाची मोजमापे घेत होते. कामाचे नाव काढले तरी जांभई यावी असे काम. एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या नजरेला आले. दुसऱ्या कोणी खांदे उडवले असते. त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि तो एक्सझेड नावाच्या फाइली आवळणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेल्या चोरदरवाजाशी जाऊन पोचला. जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत तो पसरण्याच्या बेतात होता. ही जागरूकता कोणत्या शनिवारच्या प्रकल्पातून आली? रोजच्या कामातला आकडा मनावर घेण्यातून आली. आपल्याकडच्या सपोर्टच्या टेबलावरही असे अर्धे सेकंद रोज येतात. त्यांच्यामागे जायला वेळ मिळत नाही, कारण मॅनेजरला तिकिटांची संख्या दाखवायची असते. तेव्हा दोष कामाच्या स्वरूपाचा कमी आणि ते मोजण्याच्या रीतीचा अधिक. आणि ती रीत बदलण्याची जबाबदारी बावीस वर्षांच्या मुलाने रात्री जागून उचलावी, हा कुठला न्याय?

याच एक्सझेडची दुसरी बाजू हौसेच्या भक्तांनी अवश्य वाचावी. ते साधन एकच माणूस वर्षानुवर्षे बिनपगारी छंद म्हणून सांभाळत होता. तो थकला होता, तसे त्याने २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिलेही होते. त्याच थकव्याचा फायदा घेऊन एका बनावट नावाच्या ‘मदतनिसाने’ विश्वास कमावला आणि चोरदरवाजा आत आणला. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षेच्या साधनातले हार्टब्लीड नावाचे भगदाड उघडकीला आले तेव्हाही असेच दिसले. जगाचे बँकव्यवहार ज्या ओपनएसएसएलवर विसंबून, त्याला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या दोनएक हजार डॉलरच्या घरातल्या. फावल्या वेळाचा महिमा गाणाऱ्या उद्योगाने त्या फावल्या वेळावर आपले इमले रचले, आणि पाया कोण सांभाळतो आहे हे पाहिलेच नाही.

‘पण तंत्रज्ञान इतक्या वेगाने बदलते!’ बदलते ते वरवरचे. फ्लॅशमागे ज्यांनी रात्री घालवल्या त्यांची विद्या ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृतपणे संपली. अँगुलरजेएस या फ्रेमवर्कचा आधार त्यानंतर वर्षभरात संपला. कॉड यांचे १९७० चे डेटाबेसचे संबंधाधिष्ठित प्रतिमान, युनिक्सची १९६९ ची बैठक, १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने स्वीकारलेले टीसीपी/आयपी, यांवर मात्र आजही सगळा डोलारा उभा आहे. आता एआय कोड लिहून देतो म्हणून दुप्पट जागा, असे सांगणारे आले आहेत. हे तर पूर्वपक्षाच्याच विरुद्ध जाते. टू-डू ॲप एआय एका मिनिटात लिहितो. जूनचे बिल जुलैत परत आले तर काय करायचे, हे कोणाला तरी आधी माहीत असावे लागते.

आणखी एक विसंगती आहे, आणि तिचा मला खरोखर राग येतो. मुलाखतीत विचारतात, तुमचे साइड प्रोजेक्ट दाखवा. निवड झाल्यावर हातात येणाऱ्या नेमणूकपत्रात बहुधा एक कलम असते: नोकरीच्या काळात तुम्ही जे काही लिहाल, घरी असो वा दारी, त्यावर हक्क कंपनीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची असतेच; ही नेमणूकपत्रे त्या ओघाबाहेरही हात घालतात. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे जाहीर केले. तो प्रकार वेगळा होता, हे खरे. पण त्यानंतर स्वतःच्या छोट्याशा ॲपमधून महिन्याला पाच हजार मिळवणारी मुलेही ते लपवू लागली. म्हणजे दाराबाहेर उभा असताना जो गुण, तोच दाराच्या आत आला की गुन्हा. त्यात २०२३ पासून कोणी आठवड्याला सत्तर तास मागतो, कोणी नव्वद. साइड प्रोजेक्टचे तास त्यांत धरायचे की वर, हे एकानेही सांगितलेले नाही.

मग हौसेचे काय? ती राहू द्यावी, हौसच राहू द्यावी. रात्री बाराला एखादा छोटा दिवा मोबाइलवरून लागला की होणारा आनंद मला ठाऊक आहे. मराठीत संगणकावर लिहिणे सोपे करणारी काही साधने हौशी माणसांनीच केली, आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. पण त्यांनी ती रेझ्युमेसाठी केली नव्हती. मराठी लिहिता येत नव्हते म्हणून केली. हौसेला अर्धवट सोडून देण्याची मुभा लागते, फुकट जाण्याची मुभा लागते, सहा महिने लॅपटॉप न उघडता ट्रेकला जाण्याची मुभा लागते. चौकोन मोजायला कोणी बसले की ही मुभा जाते, आणि तिच्यासोबत आनंदही.

म्हणून जे मुलाखती घेतात आणि ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांना विनंती आहे. गिटहबचा पत्ता मागू नका. उमेदवाराला विचारा: तुम्हाला सर्वांत जास्त छळलेला बग कोणता, तो कसा सापडला, आणि तो सापडेपर्यंत तुम्ही काय काय गृहीत धरले होते? दुसऱ्याने लिहिलेला पन्नास ओळींचा कोड पुढे ठेवा आणि त्यात काय चुकू शकेल ते सांगायला लावा. अर्ध्या तासात कळते. आणि माणूस घेतल्यावर त्याच्या शिकण्याचे तास कॅलेंडरवर टाका, मंगळवारी दुपारी तीन ते पाच, तिकिटांच्या मोजणीतून वजा करून. सहानंतर त्याला घरी जाऊ द्या.